४९७ गावांच्या बायांनी काय सिद्ध केलं

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर कसा रोखायचा याची चर्चा जगात कुठंही निघाली, तरी आजही त्या निबंधाचा उल्लेख होतो. त्यातले आकडे मात्र अमेरिकेतले नाहीत. ते आहेत तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांमधल्या १,३१,७४६ बायांचे. या बायांमुळे जगाला एक गोष्ट पक्की कळली. ती गोष्ट त्यांच्या लेकीसुनांपर्यंत अजून पोचलेली नाही, म्हणून आज या पानावर थोडे आकडे मांडते. आकडे म्हटले की महिला मंडळात पदर तोंडाला लावून जांभया सुरू होतात, हे मला ठाऊक आहे. तरी धीर धरून वाचा, कारण शेवटी हेच आकडे घेऊन आपल्याला आरोग्य केंद्राच्या दारात उभं राहायचं आहे.

आधी रोगाविषयी थोडं. आपण जिला पिशवी म्हणतो त्या गर्भाशयाचं खालचं तोंड योनीत उघडतं. त्या तोंडाला होणारा हा कॅन्सर. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला की तो होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि लग्न झालेल्या बहुतेक बायापुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतोच. दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. ज्यांच्या अंगात तो ठाण मांडतो, त्यांच्या पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. म्हणजे हा रोग आपल्याला भरपूर वेळ देतो. त्या वेळात कुणी डोकावून पाहिलं आणि बिघडलेला भाग जाळून किंवा गोठवून टाकला, तर कॅन्सर होतच नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. विषाणू शरीरसंबंधातून येतो म्हटलं की लगेच बाईच्या चारित्र्याकडे बोट जातं. एका नवऱ्याशिवाय कुणाला न ओळखणाऱ्या बाईलाही तो होतो, तो नवऱ्याकडूनही येतो आणि कधी आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्यामुळे तपासणीत एचपीव्ही निघाला म्हणून घरात भांडण करणाऱ्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १,२७,५२६ बायांना हा कॅन्सर होतो आणि ७९,९०६ जणी त्याने मरतात. रोज दोनशेहून जास्त. या मरणाचा आवाज होत नाही, कारण मरणाऱ्या बहुतेक जणी गरीब असतात आणि बहुतेकींचं दुखणं लाजेपोटी घरातच राहतं.

आता त्या ४९७ गावांकडे वळू.

या कामाची मुळं बार्शीत आहेत. १९८७ साली बार्शीत ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका, उस्मानाबादमधले परंडा आणि भूम, अशी ३४६ गावं. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. मुंबईत ती १९६३ पासून होती. पण खेड्यातली बाई रुग्णालयात गेलीच नाही, तर तिचा कागद कुठून निघणार? म्हणून बार्शीचे कर्मचारी गावोगाव फिरू लागले. लोकांशी बोलायचं, कॅन्सरची लक्षणं सांगायची, लक्षण असलेल्या बाईला तपासणीला न्यायचं आणि मग नोंद करायची. नुसत्या या फिरण्या-बोलण्यानेच काही वर्षांत बाया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, हे त्यांनी नोंदींवरून दाखवून दिलं. माझ्या मते आपल्या राज्यातल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं हे फार मोठं काम आहे आणि त्याचं कौतुक फार कमी झालं.

नोंद का महत्त्वाची, याचं एक उदाहरण देते. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या अहवालात देशभरच्या नोंदणी केंद्रांमध्ये कॅन्सरचं प्रमाण सर्वांत कमी कुठं निघालं, तर उस्मानाबाद आणि बीडमध्ये. एक लाख बायांमागे ४९.४. अरुणाचलमधल्या पापुम पारे जिल्ह्यात तेच २१९.८. हे वाचून कुणी म्हणेल, वा, मराठवाडा सुखी आहे. काही अंशी फरक खराही असेल, खाणंपिणं, तंबाखू, वातावरण सगळीकडे सारखं नसतं. पण ज्या बाईचं निदानच झालं नाही, ती कोणत्याच वहीत येत नाही. ‘अंगावरून जात होतं, खंगून गेली’ एवढंच तिच्या मरणाचं कारण गावाला माहीत असतं. कमी आकडा पाहून निश्चिंत होण्याआधी, मोजायला कोण गेलं होतं, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

तर या बार्शीच्या पायावर मोठा अभ्यास उभा राहिला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघे त्यात होते. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. ऑक्टोबर १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या बायांची नोंद सुरू झाली. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे ते चार भागांत वाटले. एका भागातल्या बायांना एचपीव्ही चाचणी. दुसऱ्या भागात पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. तिसऱ्या भागात व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं आणि मिनिटभराने पांढरा चट्टा उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. हे ॲसिड म्हणजे आपलं व्हिनेगरच. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायांची कोणतीच तपासणी झाली नाही. त्यांना माहिती सांगितली गेली आणि पुढे नेहमीची जी काही सरकारी सेवा असेल ती. तपासणी झाली ती प्रत्येकीची एकदाच. दोष सापडला त्यांच्यावर उपचार झाले. मग सगळ्यांवर आठ वर्षं लक्ष ठेवलं.

आठ वर्षांनंतरचे आकडे असे. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायांच्या भागात या कॅन्सरने मेल्या ३४. तपासणी न झालेल्या भागात बाया त्याहून थोड्या कमी होत्या, पण मेल्या ६४. म्हणजे आयुष्यात एकदाच, एकच चाचणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्मे. पॅपच्या भागात ५४ आणि व्हीआयएच्या भागात ५६ मृत्यू झाले. त्या दोन्हींत खात्रीने म्हणता येईल असा फरक पडला नाही.

यात एक आकडा असा आहे की तो पहिल्यांदा पाहिल्यावर माणूस बुचकळ्यात पडतो. तपासणी न झालेल्या गावांत कॅन्सरच्या केसेस निघाल्या ११८. एचपीव्हीच्या गावांत १२७, पॅपच्या गावांत १५२, व्हीआयएच्या गावांत १५७. जिथं तपासलं तिथंच जास्त कॅन्सर! ‘बघा, तपासायला गेलं की रोग निघतो’ असं म्हणणाऱ्या सासवांना हा पुरावाच वाटेल. पण पुढचा रकाना बघा. रोग गर्भाशयाच्या तोंडाबाहेर पसरल्यावर कळलेल्या केसेस तपासणी न झालेल्या गावांत ८२ होत्या, एचपीव्हीच्या गावांत ३९. तपासणीने रोग निर्माण केला नाही, आत लपलेला उजेडात आणला आणि तो लहान असतानाच आणला. न तपासलेल्या गावांतल्या बायांच्या अंगातही तो होताच, फक्त वाढेपर्यंत कुणाला दिसला नाही. म्हणूनच नुसत्या केसेसचा आकडा ऐकून कोणता जिल्हा चांगला आणि कोणता वाईट हे ठरवू नये. किती जणी कोणत्या टप्प्यात आल्या आणि किती मेल्या, हे विचारावं.

एचपीव्ही चाचणीची दुसरी खुबी म्हणजे तिचं ‘नाही’ हे उत्तर भरवशाचं असतं. ज्यांची ही चाचणी निर्दोष आली, त्यांच्यापैकी त्या आठ वर्षांत अवघ्या ८ जणींना हा कॅन्सर झाला. पॅप निर्दोष आलेल्यांत २२ आणि व्हीआयए निर्दोष आलेल्यांत २५ जणींना. हंगामाला सहा महिने गाव सोडणाऱ्या, दर वर्षी दवाखान्यात येणं अशक्य असलेल्या बाईसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. एकदा तपासून घेतलं की पुढची काही वर्षं ती खरोखर निश्चिंत राहू शकते.

मग व्हिनेगरची तपासणी कुचकामी का? तसं नाही, आणि इथं जरा बारकाईने बघायला हवं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणखी एक मोठा अभ्यास केला होता. ३५ ते ६४ वयाच्या ७५,३६० बायांची व्हीआयए तपासणी आणि ७६,१७८ जणी विनातपासणी. तपासणाऱ्या कोण, तर दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. फरक एवढाच की मुंबईत प्रत्येकीला एकदा बघून सोडलं नाही. दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा घरी जाऊन बोलावलं. तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर एकाच फेरीत मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. तिथं परिचारिकांनी तपासलं आणि शक्य तिथं उपचार त्याच भेटीत केले. म्हणजे व्हीआयए ही बघणाऱ्याच्या डोळ्यांवर, उजेडावर, प्रशिक्षणावर आणि पुन्हा पुन्हा बोलावण्यावर टिकून आहे. हे सगळं जमून आलं तर ती जीव वाचवते, यातलं एक जरी निसटलं तरी बाईच्या हाती काही लागत नाही. एचपीव्ही चाचणी मशीन वाचतं. तिला बघणाऱ्याचा मूड नसतो. नर्स म्हणून हे लिहिताना थोडं टोचतं, पण आकडे तेच सांगतात.

स्तनाच्या कॅन्सरवरही मुंबईच्या त्याच बायांमध्ये अभ्यास झाला. दर दोन वर्षांनी सेविकेने हाताने स्तन तपासायचे. २०२१ साली निकाल आला. पन्नाशीच्या पुढच्या बायांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले, सगळ्या वयांचा मिळून फरक १५ टक्के आणि तोही खात्रीलायक म्हणता येईना. स्तनांविषयी वेगळा लेख लिहावा लागेल, मिसरी आणि तोंडाच्या कॅन्सरविषयी आणखी वेगळा.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला लावला तिच्याकडे येते.

उस्मानाबादच्या ३१,४८८, मुंबईच्या ७६,१७८ आणि दिंडिगुलच्या ३०,९५८. बेरीज १,३८,६२४. या तिन्ही अभ्यासांत तपासणी न मिळालेल्या बायांची ही संख्या. एरिक सुबा नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नियतकालिकात २०१४ साली हा प्रश्न लावून धरला. त्यांच्या हिशेबाने या १,३८,६२४ पैकी किमान २५४ जणी तोवर याच कॅन्सरने मेल्या होत्या. पॅप तपासणीने मृत्यू कमी होतात हे श्रीमंत देशांना कित्येक दशकं ठाऊक असताना, इतक्या बायांना नुसतं मोजत का ठेवलं, असा त्यांचा सवाल. संशोधकांचं उत्तर असं होतं की भारतात तेव्हा तपासणीचा कोणताच राष्ट्रीय कार्यक्रम नव्हता. या बायांना जे मिळालं तेच देशातल्या बाकी बायांनाही मिळत होतं. तुलनेला गट नसता तर कोणती पद्धत चालते हे कळलंच नसतं, आणि मग सरकारला सांगणार काय?

मी दोन्ही बाजू पुष्कळदा वाचल्या आहेत. तुलनेचा गट का लागतो हे मला समजतं. ज्यांनी गावोगाव पायपीट करून हे काम केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ‘तिला एरवीही काहीच मिळत नव्हतं’ हा युक्तिवाद ऐकला की अंगावर काटा येतो. काहीच न मिळणं ही आपल्या वस्त्यांची नैसर्गिक अवस्था आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. न्यूयॉर्कमधल्या बायांना असं आठ वर्षं नुसतं मोजत ठेवता आलं नसतं. आणि ही गोष्ट पोटात घालायची ठरवली, तरी एक अट राहतेच. ज्यांच्या जिवावर ज्ञान मिळालं, त्यांना ते ज्ञान सगळ्यांत आधी मिळायला हवं. इथं काय झालं ते बघू.

जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या मार्गदर्शक सूचनांत जगातल्या देशांना सांगितलं की शक्य तिथं एचपीव्ही चाचणीच पहिली चाचणी म्हणून वापरा. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, हेही मान्य केलं. उस्मानाबादचा पुरावा अशा रीतीने जगभर फिरला. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. ३० ते ६५ वयाच्या सगळ्यांची तोंडाची आणि बायांची स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी, दर पाच वर्षांनी. गर्भाशयमुखासाठी व्हीआयए. म्हणजे मुंबईच्या अभ्यासातून स्वस्त चाचणी तेवढी उचलली, तिच्या जिवावर जी दर दोन वर्षांची हजेरी होती ती गाळली. शिवाय पाळी गेल्यानंतर पिशवीच्या तोंडाचा बघायचा भाग आत सरकतो आणि व्हीआयएने नीट दिसत नाही. पन्नाशीच्या पुढच्या बाईला या तपासणीचा फारसा भरवसा देता येत नाही, आणि हा कॅन्सर तर त्याच वयाच्या आसपास जास्त दिसतो.

हेही कागदावरचं झालं. प्रत्यक्षात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं, तुमची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. स्तनांची तपासणी झालेल्या तर ०.९ टक्के.

बाया का येत नाहीत, यावर सरकारी बैठकांत एकच उत्तर मिळतं, ‘जागृती नाही’. मी जिथं नोकरीला होते त्या एका दवाखान्यात आपल्या वस्तीतल्या बायांना ‘त्या खालच्या आळीच्या’ म्हणून रांगेत शेवटी बसवलं जाई. पडदा नसलेल्या खोलीत टेबलावर घेतलं जाई. एकदा तसं झालं की ती बाई परत येत नाही आणि शेजारणीलाही जाऊ देत नाही. याला जागृतीचा अभाव म्हणायचं असेल तर तो टेबलाच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी ठरवावं लागेल. मजुरी बुडण्याचा प्रश्न आहेच. ऊसतोडीच्या कोयत्यावर असलेल्या बाईने एक दिवस सुट्टी घेतली की खाडा पडतो आणि मुकादम उचलीतून पैसे कापतो. तिने दहा ते पाचच्या वेळेत, तेही दोनदा, एकदा तपासायला आणि एकदा रिपोर्टला, यायचं कसं?

आणि मग ८ मार्चची शिबिरं. बॅनर, हार, दोनशे बायांचा फोटो. त्यातल्या किती जणींना दोष निघाला आणि किती जणींवर पुढे उपचार झाले, हे विचारलं की आयोजक चहाकडे वळतात. दोष सांगून उपचार न देणं हे मला तपासणी न करण्याहून वाईट वाटतं. बाई घाबरते आणि घाबरलेली बाई नको त्या दारात जाते.

ते नको ते दार कोणतं, हे बीड जिल्ह्याने दाखवलं. ऊसतोड कामगार बायांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या आणि २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हाच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. कित्येक जणी विशी-तिशीतल्या. पांढरं जातं, कंबर दुखते, म्हणून गेलेल्या बाईला ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढं सांगितलं की काम होतं. कर्ज काढून ऑपरेशन, आणि चाळिशीच्या आत हाडं ठिसूळ, अंगाची आग, कोयता उचलवत नाही. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं. त्यातल्या किती जणींची आधी साधी व्हीआयए तरी झाली होती? एका चाचणीत ‘तुला काही नाही’ असं सांगता आलं असतं. तपासणी नसली की कॅन्सरची भीती बाजारात विकायला येते. म्हणून ही चाचणी गावात असणं हे कॅन्सरपुरतं मर्यादित नाही, पिशवी वाचवण्यासाठीही ती लागते.

कॅन्सर झालाच तर काय, हेही सांगते. २०१२ ते २०१५ मध्ये निदान झालेल्या भारतातल्या बायांची पाहणी केली तेव्हा पाच वर्षांनंतर ५१.७ टक्के जणी जिवंत होत्या. अहमदाबाद शहरात हेच ६१.५ टक्के, त्रिपुरात ३१.६. रोग तोच, औषधंही तीच. फरक पडतो तो कोणत्या टप्प्यात आली, रेडिएशनचं मशीन किती मैलांवर आहे आणि उपचार मध्येच सुटले का, यांनी. रेडिएशनचे सहा-सात आठवडे पुरे करणं फार गरजेचं असतं. घरी लग्न निघालं, पेरणी आली म्हणून मध्ये सोडून येऊ नका आणि कुणाला सोडू देऊ नका.

मुलींसाठी लस आहे. ती एचपीव्हीचा संसर्ग होण्याआधी, म्हणजे ९ ते १४ या वयात द्यायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतीय बनावटीची लस काढली आहे. एकच डोस पुरतो, हे सिद्ध करणाऱ्या भारतीय अभ्यासातही बार्शी होतीच. लेकीला लस दिली म्हणून आईची तपासणी टळत नाही आणि लस घेतलेल्या लेकीलाही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे.

आता करायचं काय?

वय ३० च्या पुढे असेल आणि एकदाही तपासणी झाली नसेल, तर अंगात कोणतंही लक्षण नसताना जा. लक्षण दिसेपर्यंत थांबणं म्हणजे ती दहा-वीस वर्षं वाया घालवणं. एचपीव्ही चाचणी मिळत असेल तर तीच मागा. नसेल तर व्हीआयए किंवा पॅप करून घ्या, पण मग दोन-तीन वर्षांनी पुन्हा जा. एचआयव्हीसह जगणाऱ्या बहिणींनी २५ पासूनच सुरुवात करावी, त्यांच्यात हा रोग लवकर वाढतो. पाळीचे दिवस टाळा. आदल्या दोन दिवसांत आतून औषध लावू नका, आतून धुऊ नका. तपासणीला पाच मिनिटं लागतात. दुखत नाही, थोडं अवघडल्यासारखं वाटतं. सोबत शेजारीण न्या, पडदा मागा, बाई कर्मचारी मागा. हे मागणं तुमचा हक्क आहे.

चाचणीत दोष निघाला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेक वेळा पुढची दुर्बिणीची तपासणी आणि गरज पडली तर गोठवून किंवा गरम उपकरणाने तो भाग नष्ट करणं, एवढ्यावर भागतं. त्याच दिवशी बाई घरी जाते.

शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यांतलं काही असेल तर तपासणी शिबिराची वाट न पाहता थेट ग्रामीण रुग्णालय किंवा सिव्हिल गाठा. पाळी गेल्यावर पुन्हा आलेलं रक्त हे ‘परत तारुण्य आलं’ म्हणून हसण्यावारी नेलं जातं. ते हसणं फार महागात पडतं. कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी गर्भाशयमुखाची तपासणी आणि सोनोग्राफीचे कागद हातात घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी, दाखवा. ज्यांची पिशवी आधीच काढली आहे त्यांनी ऑपरेशनचा कागद शोधा. काही ऑपरेशनांत पिशवीचं तोंड तसंच ठेवलेलं असतं आणि मग तपासणी त्यांनाही लागते.

महिला मंडळांना एक काम सुचवते. आपल्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून चार आकडे मागा. आपल्या गावात ३० च्या पुढच्या बाया किती, गेल्या वर्षी त्यांतल्या किती जणींची गर्भाशयमुखाची तपासणी झाली, किती जणींना दोष निघाला, आणि त्यांतल्या किती जणींचे उपचार पूर्ण झाले. महिनाभरात उत्तर आलं नाही तर हाच अर्ज माहिती अधिकारात टाका आणि ग्रामसभेत वाचा. आशाताईंवर राग काढू नका. घरोघरी फिरून फॉर्म त्या भरतात, पुढची चाचणी त्यांच्या हातात नाही. अर्जाच्या शेवटी पाचवी ओळ लिहा की या तालुक्यात एचपीव्ही चाचणी कधी सुरू होणार ते कळवावं. धाराशिव, बीड, सोलापूरच्या मंडळांनी तर ही ओळ ठळक अक्षरांत लिहावी.

उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट पिशवीत घालून न्या. रुग्णालयात शिरल्यावर केस पेपर काढायच्या आधी योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. त्याची खुर्ची रिकामी दिसली तरी परत फिरू नका, तिथंच बसून राहा.